पेन्सिलीतच राहिलेली चौकट

मी जन्मानं हजेरीपट, पण माझ्यात आजवर कुणाची हजेरी लागलेली नाही. ज्या वर्गासाठी मला आणलं, तो वर्गच मुलं कमी म्हणून बंद झाला आणि मी शाळेच्या कपाटात पडून राहिलो. पत्रिका छापून झाल्यावर नवरदेवानं पळ काढावा, तशी माझी गत झाली होती.

तिथून मला उचललं ते विल्सन भिंगारदिवे सरांनी, रीतसर हेडमास्तरांना विचारून. सर भूगोल शिकवायचे. मूळचे नगरचे, नोकरीसाठी पाथर्डीच्या पुढं डोंगराकडेच्या या गावात आले आणि इथलेच होऊन गेले. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली असताना त्यांना बेसबॉलचं वेड लागलं. लहानपणी राहून गेलेला गोवर म्हातारपणी निघाला तर जरा जास्तच जोरात निघतो म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

झालं असं, की शाळेत आदिनाथ सर खेळाचे शिक्षक म्हणून आले आणि त्यांनी दहा मुली गोळा करून संघ उभा केला. गावाला क्रिकेट ठाऊक. यात स्टंप कुठायत, असं लोक विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आधीच निघून जायचे. भिंगारदिवे सर मात्र पहिल्या दिवशी आले आणि सामना संपेपर्यंत दगडावर बसून राहिले. कॉलेजात असताना ते या खेळाच्या संघात होते, पण सगळी वर्षं बाकावर. बाकावर बसून बसून त्यांना स्कोअर लिहायची गोडी लागली होती. ती हौस इतक्या वर्षांनी माझ्यावर भागवली गेली.

माझ्यात प्रत्येक नावापुढं दोन ओळी असतात, एक सकाळच्या हजेरीची आणि एक दुपारच्या. सरांनी वरची ओळ बॅटिंगला दिली आणि खालची फिल्डिंगला. नावं लिहिली, चौकटी आखल्या आणि मी पुन्हा माणसात आलो.

सरांची एक पद्धत होती. मैदानावर सगळं पेन्सिलीनं लिहायचं. घाईत माणूस चुकतो, म्हणायचे. संध्याकाळी घरी गेल्यावर, डोकं शांत झालं की एकेका चौकटीवर निळी शाई फिरवायची. एकदा शाई फिरली की मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. रेबेकाबाई, म्हणजे सरांची बायको, चहा ठेवता ठेवता विचारायच्या, आज कोण खेळलं? सर नावं सांगायचे. त्या माउलीनं एकही सामना पाहिला नव्हता, पण दहाही मुली तिला पाठ होत्या.

त्या मुली होत्याही तशाच. चेंडू टाकणारी द्वारका डावखुरी. ज्वारीवरची पाखरं गोफणीनं हाकून हाकून तिचा हात तयार झाला होता, त्यामुळं समोरच्या मुलींना चेंडू दिसायच्या आत तो मागं पोचलेला असायचा. पहिल्या बेसवरची, म्हणजे धावणारीनं गाठायच्या पहिल्या थांब्यावरची, कावेरी धावताना हमखास चप्पल सोडून जायची आणि डाव संपल्यावर ती शोधत फिरायची. ग्लोव्ह सगळे मिळून पाच. बाकीच्या मुली उघड्या हातांनी धरायच्या आणि तळहात फुंकत उभ्या राहायच्या.

आणि मोनिका गर्जे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, जिथं सगळ्यात कठीण चेंडू येतात तिथं ती उभी राहायची. अंगानं किडकिडीत, बोलायला घुमी. पण चेंडू सुटला की ही पोरगी कुठून कुठं पोचेल याचा नेम नसे. सर कधी टाळी वाजवत नसत, ओरडत नसत. मोनिकानं एखादा अशक्य चेंडू धरला की फक्त पेन्सिल जरा दाबून लिहायचे. माझ्या पानांच्या मागच्या बाजूनं हात फिरवलात, तर तिचे सगळे चांगले चेंडू अजून बोटांना लागतील.

दसरा झाला की माझी पानं ओस पडायची. टोळ्या ऊसतोडीला निघायच्या, आईबापांबरोबर मुलीही जायच्या, आणि दहातल्या चार-पाचच मागं राहायच्या. सर गेलेल्या मुलींच्या चौकटींत गैरहजर लिहीत नसत. तिथं बारीक अक्षरात 'ऊस' असं लिहायचे आणि पुढं जायचे.

आता त्या चौकटीबद्दल सांगतो, जिच्यासाठी मी तोंड उघडलं.

चौदा वर्षं झाली. भादव्यात नगरला जिल्ह्याचा अंतिम सामना होता. शेवटचा डाव, आपल्या मुली एका धावेनं पुढं, समोरच्यांच्या दोघी बाद झालेल्या आणि दोघी बेसवर. एक बाद केली की काम फत्ते. द्वारकानं चेंडू टाकला, समोरचीनं तो कडक मारला. मोनिका उजवीकडं झेपावली, आडवी झाली, चेंडू ग्लोव्हमध्ये गेला, आणि कोपर जमिनीवर आपटताच बाहेर आला. तोवर बेसवरच्या दोन्ही मुली धाव पुरी करून आल्या होत्या. आपण एका धावेनं हरलो.

या खेळात एक न्याय लिहिणाऱ्याच्या हातात असतो. साध्या मेहनतीनं धरता आला असता असा चेंडू सुटला, तर सोडणारीच्या नावावर एरर लागते आणि तिच्या चौकटीत इंग्रजी ई येतो. चेंडू धरण्यासारखा नव्हताच असं वाटलं, तर तो मारणारीचा हिट, सोडणारीला दोष नाही. सरांची पेन्सिल माझ्यावर बराच वेळ थांबली. मग त्यांनी मोनिकाच्या खालच्या ओळीत ई लिहिला.

पुढं दहा मिनिटांत दोन अनोळखी माणसं आली. राज्याच्या शिबिराला जिल्ह्यातून एक मुलगी पाठवायची होती. स्कोअर लिहिणारे सर एकटेच, म्हणून त्यांनी मलाच मागून घेतलं. त्यांची बोटं नावांवरून फिरली, मोनिकाच्या ओळीवर आली, शेवटच्या चौकटीवर थांबली. ऐन वेळी एरर, असं एकजण दुसऱ्याला म्हणाला आणि त्यांनी दुसऱ्या संघातलं नाव लिहून घेतलं. सर शेजारीच उभे होते. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर ती माणसं निघून गेली होती.

त्या संध्याकाळी सरांनी सगळ्या चौकटींवर शाई फिरवली. त्या एका चौकटीशी आले आणि पेनाचं टोपण लावलं.

दसऱ्याला मोनिका आई मालनबाईबरोबर टोळीत गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. लग्न याच गावात झालं, पण दोघांच्या हातात कोयताच. तिच्या नावापुढं ऊस, ऊस, ऊस असं सर लिहीत राहिले. मग द्वारकाही संघ सोडून गेली, आदिनाथ सरांची बदली झाली, मैदानावर झुडपं माजली. संघ कधी मोडला हे कुणी जाहीर केलं नाही. एका शनिवारी सर मला घेऊन दगडावर बसले आणि कुणीच आलं नाही, एवढंच.

निवृत्तीनंतर रेबेकाबाई गेल्या. त्यानंतर सर संध्याकाळी मला उघडून जुने सामने मोठ्यानं वाचायला लागले. द्वारका तिसऱ्या डावात तीन बाद, कावेरी दोन धावा. चहाचा कप एकच असायचा आणि ऐकायला मी. मला सगळं पाठच होतं, पण मी ऐकून घ्यायचो. एकट्या माणसाचं कुणीतरी ऐकून घ्यावं लागतं. वाचता वाचता ते त्या पानाशी यायचे, खोडरबर हातात घ्यायचे, चौकटीजवळ न्यायचे आणि परत ठेवायचे. चौदा वर्षांत असं किती वेळा झालं, ते मी मोजलं नाही.

यंदा सरांच्या दोन्ही डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा पुण्याहून त्यांची मुलगी शॅरन आली आणि आता तुम्ही इथं एकटे राहायचं नाही, असं ठणकावून गेली. सरांनी सामान वाटायला काढलं. भांडी दिली, खुर्च्या दिल्या. मी टेबलावर तसाच. मग त्यांनी मोनिकाला निरोप धाडला. साखर कारखान्यांचा हंगाम संपून टोळ्या गावात परतल्या होत्या.

मोनिका दुपारी आली. तिशी गाठलेली बाई, हातांना घट्टे, बोलणं मात्र तसंच मोजकं. सरांनी तिला बसवलं, मला उघडून पुढं ठेवलं आणि वर खोडरबर ठेवलं.

"तो हिट होता, मोनिका. मी चुकून ई लिहिला," सर म्हणाले. "दुसरी कुणी असती तर मी हिटच लिहिला असता. तू रोज तसले चेंडू धरायचीस, म्हणून मला तो सोपा वाटला. माझ्यामुळं तुझी निवड हुकली. जायच्या आधी हे खोडून टाकतो. तू फक्त हो म्हण."

मोनिकानं ते पान जवळ ओढून पाहिलं. आपलं नाव, दोन ओळी, आणि शेवटी ती फिकट झालेली चौकट. तिनं तिच्यावर बोट ठेवलं.

"लई वाईट वाटलं हुतं, सर. खोटं कशाला बोलू. फडात मोळी बांधताना बी ह्यो बॉल डोळ्यापुढं यायचा. तुमचा राग बी आला हुता."

सरांनी मान खाली घातली.

"पन खोडू नका," ती म्हणाली. "समदे म्हनले, बिचारी, तिच्या हातातला बॉलच नव्हता त्यो. आई बी त्येच म्हनली. तुमी एकट्यानं लिवलं का ह्यो बॉल मोनिकानं धराया पायजे हुता. माझ्याकडनं यवढी आशा पुन्हा कुनी केली न्हाई, सर."

मग तिनंच विचारलं, पेन हाय का? सरांनी खिशातलं निळं पेन काढून दिलं. कोयत्याची मूठ धरावी तसं तिनं ते घट्ट धरलं आणि त्या ई वरून सावकाश शाई फिरवली. आडव्या तीन रेघा, उभी एक. शेवटची रेघ जरा लांबली आणि शाई चौकटीबाहेर गेली. सरांनी चष्मा काढला आणि ते रडले. लपवलंसुद्धा नाही. मग उठून त्यांनी स्वतः चहा ठेवला, चाचपडत, दोन कप.

जाताना त्यांनी मला तिच्या हातात दिलं. पुण्यात मला कोण वाचणार, म्हणाले.

आता मी मोनिकाच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे. अंगाखाली तिच्या लग्नातली साडी, अंगावर रेशनकार्डाची पिशवी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं मला काढलं होतं, दहा नावं हळूहळू वाचली, आणि परत ठेवून पेटीला कडी घातली. दुसऱ्या दिवशी ट्रक आला. दाराला कुलूप लागलं. आळीतल्या बहुतेक दारांना लागलं असावं, कारण माणसांचा आवाज जवळपास बंदच झालाय. दुपारी कुठंतरी एखादी शेळी ओरडते, तेवढीच सोबत. तिकडं पुण्यात संध्याकाळी सर काय वाचत असतील, असा विचार येतो. डोळे गेले तरी त्यांना वाचायची गरज नाही म्हणा, त्यांना सगळे सामने पाठ आहेत. पण ऐकायला कुणी आहे की नाही, ते मला कळायला मार्ग नाही.

माझी अकरा पानं अजून कोरी आहेत. त्यांत कुणी काही लिहील अशी आशा मी धरत नाही, आणि धरत नाही म्हणतानाही धरतोच.

तुमच्याकडं मागणं एकच. कधी एखाद्या मैदानाच्या कडेला उभे राहिलात आणि एखाद्या मुलीच्या हातून चेंडू सुटला, तर बिचारी म्हणून मान फिरवू नका. तिचं नाव विचारा. त्या चेंडूपर्यंत दुसरं कुणी पोचलंच नव्हतं.