क्रिसांतोचा गुडघा आणि मी

मित्रांनो, मी मालिशचा एक जुना बाक आहे आणि स्वभावाने पक्का संशयी आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या. माझ्या अंगावर जो आडवा होतो तो कण्हतो तेवढं खरं. बोलतो ते सगळं खरं असतंच असं नाही, हे मी फार लवकर शिकलो.

पाम्पांगातल्या एका सुताराने मला महोगनीच्या जाड फळ्यांतून घडवलं, वर काथ्या भरला आणि काळं रेक्झिन ठोकलं. मनिलात सार्डिन माशांचे डबे बनवणारी एक कंपनी आहे आणि तिचा स्वतःचा बास्केटबॉल संघ आहे. त्यांच्या सरावगृहात मी आलो तेव्हा सगळे हसले होते. खेळाडू ताडमाड आणि मी चारचौघांच्या मापाचा. पहिल्याच दिवशी एकाचे पाय पोटरीपासून बाहेर लोंबायला लागले. मग मालिश करणाऱ्या तेबान काकांनी माझ्या पायथ्याशी आणखी एक फळी जोडली आणि माझी लांबी वाढवली.

ते दिवस मानाचे होते. संघ जिंकला की मला थोपटायचे, हरला की माझ्यावरच बुक्क्या मारायचे. पुढे बटण दाबलं की वरखाली होणारा परदेशी पलंग आला आणि मला कोपऱ्यात ढकललं. माझ्यावर ओले टॉवेल पडू लागले. फक्त क्रिसांतो माझ्याकडे येत राहिला. त्या पलंगावर झोपलं की इस्पितळात आल्यासारखं वाटतं, असं तो म्हणायचा. क्रिसांतो आमचा सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत जुना खेळाडू.

आता बाद फेरीचं सांगतो. ती जवळ आली की मनिलात ज्याला त्याला भविष्य दिसू लागतं. जीपनी, म्हणजे आमची भाड्याची जीप, चालवणारा सांगतो कोण जिंकणार, न्हावी सांगतो, तळलेले फिशबॉल विकणाराही काडी नाचवत सांगतो. त्या वर्षी आम्ही कसेबसे शेवटच्या क्रमांकाने आत शिरलो होतो. समोर होता पहिल्या क्रमांकाचा सिमेंट कंपनीचा संघ. आमच्याकडचा नियम असा, की वरच्या संघाला एकच सामना जिंकून भागतं, पण खालच्याला त्याला लागोपाठ दोनदा हरवावं लागतं. सार्डिन परत डब्यात जाणार, असं पेपरांनी छापून मोकळं केलं. पेपरवाल्यांवर माझा काडीचा भरवसा नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना निम्मंच ठाऊक होतं.

क्रिसांतोचा उजवा गुडघा गेला होता. उभं राहता यायचं, पण धावताना आणि वळताना जीव जायचा. ही फेरी पार झाली तर आणखी एक वर्ष, नाहीतर निरोपाचा हार, असं कंपनीने त्याला कळवलं होतं. गुडघ्याची गोष्ट तो, तेबान काका, आमचे कोच आणि मी एवढ्यांनाच माहीत होती. दार वाजलं की मी आधी कोण आलंय ते बघायचो.

आणि दारातून आला कोण, तर एफ्रेन. हा सिमेंटवाल्यांचा माणूस. दुसऱ्या संघांच्या खाचाखोचा हेरून आपल्या कोचला सांगायच्या, हेच त्याचं काम. त्याला हाकलायला नको का? पण एफ्रेन हा क्रिसांतोच्या मुलीचा धर्मपिता. तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभा राहिला, तेव्हापासून हे दोघं एकमेकांना पारे म्हणतात, आणि पारेला दारात अडवायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. त्यातून त्या दिवशी पोरीचा वाढदिवस. हा पान्सितचा मोठा थाळा घेऊन आला होता, लांब शेवया, लांब आयुष्य म्हणून. तेबान काकांनी मुकाट्याने वाट सोडली. हेराला आत घेऊन शेवया खाणारी माणसं, काय म्हणावं यांना!

खाता खाता एफ्रेनचे डोळे खाली वळले ते मी पाहिलं.

“उजवा ना रे, पारे?” त्याने हळूच विचारलं.

“तुझ्यापासून काय लपवायचं,” क्रिसांतो म्हणाला.

“मग मी तिकडे काय सांगू?”

“दिसलं ते सांग. खोटं बोलणारा धर्मपिता नको माझ्या पोरीला.”

मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

एफ्रेनने खरंच जसंच्या तसं सांगितलं, हे मला मागाहून कळलं. क्रिसांतोला सोडून द्या, तो आता नुसता खांब आहे, म्हणाला. पण त्यांचे कोच मागबानुआ माझ्याही वरताण संशयी निघाले. स्वतःच्या पारेचं वाईट कुणी सांगतं होय, याला तिकडून पढवून पाठवलाय, असं म्हणून त्यांनी क्रिसांतोवर एक सोडून दोन माणसं घातली. आमच्या कोचलाही तेच हवं होतं. क्रिसांतो नुसता उभा राहिला, दोघं त्याला चिकटून राहिले आणि आमचा जोमार मोकळा सुटला. त्याने टोपलीत चेंडू टाकायचा सपाटाच लावला. पहिला सामना आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी तेबान काका खाली मान घालून आले. मागबानुआंनी एफ्रेनला कामावरून काढलं होतं. पारेसाठी संघाला फसवलंस, असं सगळ्यांदेखत म्हणाले होते. क्रिसांतो माझ्यावर उठून बसला. मग लंगडत बाहेर गेला आणि पत्रकारांसमोर पँट वर करून सुजलेला गुडघा दाखवला. एफ्रेन खरं बोलला होता, त्याचं नाव खराब करू नका, असं त्याने हात जोडून सांगितलं. आमचे कोच डोक्याला हात लावून बसले.

आणि मागबानुआ काय म्हणाले? नट बरा आहे, सिनेमात घाला म्हणावं. दुसऱ्या सामन्यातही दोन माणसं, आणि पहिल्यापेक्षा आडदांड. आता खोटं कशाला बोलू? क्षणभर मलाही वाटलं, गुडघा दाखवणं ही आमच्या कोचचीच चाल तर नसेल?

सामन्यात ते दोघं सारखे क्रिसांतोला रेटत होते. शेवटी शेवटी तो वळायला गेला आणि कोसळला. तरी ते दोघं हात वर करून त्याच्या डोक्याशी उभेच, आता उठेल आणि फसवेल म्हणून. तेवढ्यात पलीकडे जोमारने चेंडू टाकला. आम्ही जिंकलो. चौघांनी क्रिसांतोला उचलून सरावगृहात आणलं. पलंग जवळ होता, तरी त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

बाहेर ढोल वाजत होते. आत तेबान काका बर्फ धरून बसले होते आणि एफ्रेन क्रिसांतोचं डोकं मांडीवर घेऊन माझ्या कडेला टेकला होता. इतक्यात मागबानुआ आले. त्यांनी सगळ्यांकडे एकदा रोखून पाहिलं.

“उठ आता, कॅमेरे गेले,” ते म्हणाले.

क्रिसांतो तसाच पडून राहिला. तेव्हा त्यांनी बर्फ बाजूला केला आणि गुडघ्यावर अंगठा दाबला.

मित्रांनो, माझ्यावर खूप जण विव्हळले आहेत. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्याच्या पाठीचा थरकाप माझ्या फळ्यांत उतरला. मागबानुआंनी हात झटकन मागे घेतला. त्यांचा चेहरा उतरला होता. खाली पाहतच ते एफ्रेनला म्हणाले, “उद्यापासून ये कामावर.”

“सर, मी आधीच सांगितलं होतं,” एफ्रेन म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

क्रिसांतो पुन्हा खेळला नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पुढच्या फेरीत सार्डिनवाल्यांना किती संधी, याचीच चर्चा होती.

माझं रेक्झिन आता फाटलं आहे आणि काथ्या बाहेर आला आहे. मला नवं काही नको. तुम्ही संशय घ्या, मीही घेतो, तो जायचा नाही. पण कुणी दुखतंय म्हणालं, तर खरं-खोटं करायला तिथे अंगठा दाबू नका.