माळावरची हवा

हवा तपासणारे साहेब गाडीतून यंत्र उतरवत होते, तेवढ्यात गॅसच्या विहिरींवरचा मुकादम म्हणाला, "साहेब, नेहमीच्याच जागी ना? ओटा झाडून ठेवलाय."

नेहमीची जागा म्हणजे सरकारी माळाच्या कडेचा ओटा. वारा त्या अंगाने यायचा आणि गॅसच्या विहिरी, तेलाच्या टाक्या ओलांडून पलीकडच्या वस्तीत शिरायचा. त्यामुळे ओट्यावर हवा कायम स्वच्छच भरायची. साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. सुरुवातीला त्यांनी ते वरिष्ठांच्या कानावर घातलंही होतं. "उगाच डोक्याला ताप कशाला?" असं उत्तर आलं, तेव्हापासून त्यांनी तो नाद सोडला. आता निवृत्ती जवळ आली होती, गुडघे बोलत होते.

यंत्र लावून ते वस्तीत ताईकडे जेवायला गेले. ताई त्यांची थोरली बहीण, जन्मभर दवाखान्यात परिचारिका म्हणून राबलेली. भर दुपारी तिच्या घराच्या खिडक्या बंद होत्या आणि फटींत फडक्यांचे बोळे कोंबलेले होते.

"उकडत नाही का गं?"

"उकडतं. पण उघडल्या की वासाने डोकं धरतं." ताट वाढता वाढता ती दोनदा भिंतीला टेकली.

"दवाखान्यात दाखव."

"दाखवलं. अर्धी वस्ती तिथेच भेटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हवेमुळेच होतंय असं वाटतं, पण तपासणीत हवा स्वच्छ आहे. तपासणी कोण करतं, ते मी सांगितलं नाही."

साहेबांचा घास हातातच राहिला. "मी एकटा काय करणार, ताई? माळ सरकारचा, परवानगी सरकारची."

"सरकारचा म्हणजे तुझामाझा नाही? विहिरी बंद कर असं कुठे म्हणतेय मी? जे आहे ते मोज. एवढंच तर तुझं काम."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमली होती.

साहेब माळावर परतले आणि त्यांनी यंत्र उचलून टाक्यांच्या पलीकडे, वस्तीच्या बाजूला लावलं.

"साहेब, हे भलतंच काय? वर विचारावं लागेल."

"विचारा. तोवर चालू राहू दे."

थोड्याच वेळात यंत्राचा धोक्याचा लाल दिवा लागला. मुकादमाने नाकाला रुमाल लावला.

पुढे साहेबांना कार्यालयात बोलावून झापलं, आणि आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. पण झालेली नोंद पुसता आली नाही. टाक्यांची गळकी झाकणं बदलावी लागली. वास कमी झाला, गेला मात्र नाही. नवा तपासनीस आला, तेव्हा वस्तीतल्या बायकांनी त्याला वाटेतच गाठलं आणि यंत्र कुठे लावायचं ते दाखवलं.

जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नाही, असं धरून चालायची आपल्याला सवय झाली आहे. हवा तर दिसतही नाही. म्हणूनच ज्याच्या हाती मोजमाप आहे त्याने खरं मोजावं, आणि ज्याच्या छातीत ती हवा जाते त्याने विचारत राहावं. दमलो तरी.