मुक्या माराचा लेप

शोभाबाईंनी सहाणेवर आंबेहळद उगाळली, तिच्यात रक्तचंदनाचे चार वळसे मिसळले आणि पळीत कोमट केलेला लेप सुनेच्या डोळ्याखाली बोटानं पसरला. जयश्रीनं तोंड फिरवलं, तसं त्यांनी हनुवटीला धरून ते पुन्हा आपल्याकडे वळवलं.

"हालू नको. डोयामा जाई."

शोभाबाईंचा हात हलका होता, हे यंत्रमागांच्या लिंबायत वस्तीतल्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मागावर उभं राहून ज्याचे खांदे भरून येत, जिन्यावरून ज्याचा पाय घसरे, तो त्यांच्या दारात येई आणि बरा होऊन जाई. घरात मात्र लेप एकाच माणसाला लागे, आणि तो का लागतो हेही गल्लीला ठाऊक होतं. मागावरची पाळी सुटली की त्यांचा मुलगा भिकन दारूची पोटली रिचवी, आणि पोटली रिचवली की बायकोकडे वळे. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. शेजारधर्म म्हणतात तो हाच असावा.

आखाजीच्या सणाला माहेरी गेली तेव्हा जयश्रीनं हिलालला, थोरल्या भावाला, सगळं सांगितलं होतं. त्यानं तिला ओट्यावर उजेडात उभी करून नीट न्याहाळली.

"कोठे काय शे?"

खरंच कुठे काही नव्हतं. सासूनं आठवडाभर लेप लावून तिला कोरी करकरीत माहेरी धाडली होती. आईबाप गेल्यापासून माहेर म्हणजे हिलालच. त्यानं 'राहा' म्हटल्याशिवाय त्या घरात तिला राहता येणार नव्हतं. आणि डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो तसं म्हणणार नव्हता.

म्हणून या वेळी तिनं आपल्या माहेरगावी, अमळनेरला निघालेल्या उषाबाईंबरोबर निरोप दिला. भाऊला म्हणा, एकदा इथं येऊन पाहून जा. पण शेजारच्या उषाबाईंच्या पोटात काय राहतंय! गाडीत बसण्याआधीच त्या शोभाबाईंच्या कानात सांगून मोकळ्या झाल्या. शोभाबाई रागावल्या नाहीत. फक्त दिवसातून एकदा लागणारा लेप उठल्याबसल्या लागू लागला, आणि वर हळदीचं दूध.

जयश्री मोरीत जाऊन तोंड धुऊन टाकी. पिवळं पाणी वाहून जाताना शोभाबाई दारातून बघत आणि सहाण पुढे ओढत. जयश्रीला त्या हाताची चीड येई. नवऱ्याच्या हाताची आली नसेल इतकी. तरी तो डोळ्याखाली टेकला की ठणका थांबे, बरं वाटे. आपल्याला बरं वाटतंय याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येई.

एकदा तिनं विचारलं, "माय, तुमले कोन लावे?"

"मनी सासू," शोभाबाई म्हणाल्या आणि उगाळत राहिल्या.

हिलाल आला तो दुपारी, पॅसेंजरच्या गर्दीत घामानं निथळलेला, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन. भिकन मागावर होता. जयश्री मुद्दाम दारातल्या उजेडात जाऊन उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर मागे सारला.

"तोंड पिवयं का दिसी ऱ्हायनं तुनं?" हिलालनं विचारलं.

"हयद लावस ना ती," शोभाबाई आतून म्हणाल्या. "रंग उजयस."

हिलाल हसला. भाकरी आणि भरीत त्यानं मनापासून खाल्लं, सासूच्या हाताला चव आहे म्हणाला, आणि अशी माय मिळायला नशीब लागतं असंही म्हणाला. जयश्री ऐकत होती. दंडावरचा एक वळ तिनं सासूपासून लपवून ठेवला होता. लांब बाहीखाली तो अजून काळानिळा होता. भाऊ हात धुऊन बसला की बाही वर करायची, तोंडानं काहीच बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. तिनं बाहीची कड चिमटीत धरली.

हिलालनं हात पुसले आणि शोभाबाईंकडे वळला.

"मावशी, तुमना तो लेप माले बी थोडा बांधी द्या. घरवालीले लागेल शे."

"कोठे?"

"आठे." त्यानं स्वतःचा दंड खांद्याच्या खाली मुठीत धरून दाखवला. चार बोटं बाहेरच्या बाजूला, अंगठा आत.

शोभाबाई त्या मुठीकडे पाहत राहिल्या.

"पडनी व्हई," त्या म्हणाल्या.

"हा, पडनी."

त्यांनी आंबेहळदीचं एक कांड आणि रक्तचंदनाचा तुकडा कागदात बांधला. जयश्रीच्या चिमटीतून बाहीची कड कधी सुटली ते तिलाही कळलं नाही.

"तू बी चाल ना बैन," हिलाल मायेनं म्हणाला. "चार दिन ऱ्हाय. तूच लाव तिले. तिना हात वर व्हत नही."

इतके महिने ती याच दोन शब्दांची वाट पाहत होती, चाल आणि ऱ्हाय. तिनं सासूच्या हातातून पुडी घेतली आणि भावाच्या तळहातावर ठेवली.

"दादा, वहिनीना भाऊले निरोप धाडेल शे का?"

हिलालनं पुडी खिशात घातली आणि खिसा वरून दाबून पाहिला.

"त्याले कसाले?" तो म्हणाला. "तो येस तोपर्यंत उतरी जाई."