आपली पोरगी

विरूपाक्ष सर माणूस वाईट न्हाई. फिजिक्स असं शिकवतात की ढ पोरगंसुद्धा मान हलवतं. पण निकाल लागला की त्यांच्या अंगात येतं. लातुरात त्या आठवड्यात सगळ्याच क्लासवाल्यांच्या अंगात येतं म्हणा. मी त्यांच्या क्लासच्या काउंटरवर बसते, आलेल्या पालकांशी बोलणं हे माझं काम.

यंदा मुरुडची बुद्धप्रिया नीटला जिल्ह्यात पहिली आली. घरी बसून शिकलेली पोरगी, कुठल्याच क्लासचा उंबरा चढलेली न्हाई. सरांनी तिला सत्काराला बोलावलं. सत्काराला कोण न्हाई म्हणतं? आईबापाला घेऊन आली बिचारी. शाल दिली, नारळ दिला, डोक्याला फेटा बांधला, फोटो काढला. लगेच चौकात हा एवढा मोठा फ्लेक्स. फेट्यातली बुद्धप्रिया, खाली क्लासचं नाव, वर लिहिलेलं 'आपली बुद्धप्रिया'. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

मी म्हणाले, "सर, ही आपल्याकडं शिकली न्हाई."

"मग 'आमची' लिहिलंय का? 'आपली' लिहिलंय. भूकंप झाला तेव्हा सगळा मुलूख म्हणायचा, आपलं लातूर. कुणी भांडलं का? पालकांनी विचारलं तर एवढंच म्हणायचं, आपलीच पोरगी हाय. त्यात खोटं काय?"

लई शहाणा शब्द हुडकला होता. मला संताप आला आणि मी तो गिळला. माझी जेबा त्याच क्लासात वरच्या मजल्यावर बसायची, स्टाफची लेक म्हणून फुकट, आणि यंदा तिचं बारावीचं वर्ष. 'आपली' म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती, म्हणून कुणी विचारलं की मी म्हणायचे, सरांनाच विचारा. ते सरांच्या ध्यानात आलं होतं.

मग एक दिवस कंधारहून पार्वतीबाई आल्या, सोबत लेक. फ्लेक्स लेकीनं वाचून दाखवला होता. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "आपली म्हंजी कुणाची?"

"सरांना विचारा, मावशी."

"सर काय सांगायचे ते फळीवर लिवून ठिवलंय की. आमी बी पाव्हण्याला म्हणतो, आपलंच घर हाय, जेवा. म्हणून तो घराचा मालक होत न्हाई. लेकीला पहिल्यांदा घराबाहेर ठिवून राहिले, बाई. ती पोरगी हितं शिकली का न्हाई, तेवढं सांगा."

सर काचेपलीकडं उभे होते, कान इकडंच. मला जेबा आठवली. पण समोरची बाई डोळ्यांत डोळे घालून विचारत होती, तिला फिरवून सांगणं मला जमेना.

"न्हाई शिकली. फेटा बांधायला तेवढी आली होती."

बाईंनी लेकीकडं बघितलं. "मग हितले मास्तर शिकवत्यात कसं?"

"झकास शिकवतात. माझी लेक हितंच हाय."

"तर मग लिवा हिचं नाव," त्या म्हणाल्या.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. सरांनी स्वतः बाहेर येऊन बाईंना चहा दिला, लेकीच्या पाठीवर थाप मारली. मग मला आत बोलावलं.

"ॲडमिशन झाली, सर," मी म्हणाले.

"झाली ना. पण बॅच भरलीय. जेबाची जागा हिला देऊन टाकू."

मला आधी वाटलं, चेष्टा करून राहिलेत.

"आपलीच पोरगी हाय," सर शांतपणे म्हणाले. "घरी करील अभ्यास. बुद्धप्रियानं केलाच की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "राग माझ्यावर हाय तर मला काढा, सर. पोरीनं काय केलं?"

"तुम्हाला कशाला काढू? तुमच्यावर तर पालक भरवसा ठेवून राहिलेत." आणि त्यांनी फोन उचलला.

मी बाहेर आले तोवर शिपायानं वर निरोप पोचवला होता. जेबा बॅग घेऊन जिना उतरत होती, कंधारची पोरगी वर चढत होती. दोघी अंग चोरून एकमेकींना वाट देत होत्या.

"अम्मी, तुला गप बसता येत न्हाई का?" जेबानं विचारलं. डोळे भरले होते, पण रडत नव्हती.

"त्या बाईनं सरळ विचारलं गं. लेकीसाठी विचारत होती."

"मग मी बी सरळच विचारते. मला फिजिक्स आता कोण शिकवणार?"

हिला सरांना विचार म्हणून सांगायची सोय नव्हती. मी तिची बॅग घ्यायला हात पुढं केला. तिनं दिली न्हाई.