आपल्या माणसांचा कैवारी

वस्तीत सगळे त्याला सरदार म्हणत. लढाई त्याने एकही लढली नव्हती, पण भाषण ठोकायला उभा राहिला की ऐकणाऱ्याचं रक्त उसळायचं. आपली भाषा, आपलं रक्त आणि पुलापलीकडचे ते परके! त्या परक्यांपासून वाचवतो म्हणून तो दुकानदारांकडून हप्ता घेई आणि वस्तीतल्याच पोरांच्या हाती पावडरीच्या पुड्या देई. वस्तीतल्या इस्त्रीवालीच्या लेखी तो कडक कॉलरचा भामटा होता. तरी त्याचे शर्ट ती मुकाट्याने इस्त्री करायची. नाही म्हणायची सोय नव्हती.

तिचा भाचा कोपऱ्यावर पुड्या विकायचा. पुलापलीकडच्यांनी त्याला भोसकलं. सरदार तिच्या बहिणीच्या दारात आला, कोरडे डोळे पुसले, पोराला हुतात्मा करून टाकलं आणि सूड घ्यायला आणखी पोरं मागितली. ती मिळालीही.

दोनेक दिवसांनी इस्त्रीवाली सरदाराला पुड्यांचा माल पुरवणाऱ्या शेठच्या बंगल्यावर कपडे द्यायला गेली. मागच्या दाराने आत शिरली, तर जेवणाच्या टेबलाशी सरदार आणि त्याला खेटून पुलापलीकडचा म्होरक्या. शेठ बजावत होता, मारामाऱ्या हव्या तेवढ्या करा, माल अडता कामा नये. कोपरा कुणाचा ते मी ठरवीन. दोघे नंदीबैलासारखे माना डोलवत होते.

दुखवट्याच्या बैठकीत तिने सगळ्यांसमोर हे सांगून टाकलं. दुःखाने बाईचं डोकं फिरलंय, असं म्हणत सरदार हसला. तेवढ्यात बहीण उठली.

"माझ्या पोराला मारणाऱ्याशेजारी बसून जेवलास?"

"काकू, धंद्यात बसावं लागतं," तो बोलून गेला.

दोन आयांनी आपापल्या पोरांना दंडाला धरून बाहेर ओढलं. बाकीचे शूरवीर चपलांकडे बघत बसले, दुकानदारांना एकाएकी कामं आठवली आणि सरदाराने उरलेलं भाषण पूर्ण केलं. टाळ्याही पडल्या.

सकाळी इस्त्रीचं दुकान जळालेलं होतं आणि घरमालकाने दोघी बहिणींना राहती जागा सोडायला लावली. वस्तीत कुणी खोली देईना, तेव्हा दोघी बहिणी पुलापलीकडे राहायला गेल्या. तिथल्या घरमालकिणीचाही मुलगा अशाच मारामारीत गेला होता. भिंतीवरच्या पोस्टरात त्यांचा म्होरक्या हात जोडून उभा होता. त्याच्याकडे बोट दाखवून ती काहीतरी बोलली आणि थुंकली. भाषा कळली नाही, पण शिवी बरोबर कळली.