काळ्या मातीवरची भिंत

मागची खोली रिकामी झाली असती तर शंकरप्पाला काय मिळालं असतं, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होतं. आणखी दोन माग बसले असते. बोळाकडचं दार हाताशी आलं असतं. शिवाय गुरम्माच्या कडक भाकरीचा धूर सुतात शिरतो, ही रोजची कुरकुर मिटली असती. एवढं सगळं एका खोलीत दडलेलं असल्यावर माणूस वहिनीची काळजी करणारच.

गुरम्मा ही शंकरप्पाच्या थोरल्या भावाची विधवा. भाऊ गेला तेव्हा समाजातल्या थोरांनी बसून ठरवून दिलं होतं, की गुरम्माची चूल मागच्या खोलीत पेटते तोवर खोली तिची. तिनं आपणहून चूल हलवली की खोली शंकरप्पाची. कागद झाला नव्हता, पण असल्या शब्दाला आमच्यात कागदापेक्षा वजन.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिच्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली. त्याच सुमाराला पेपरात कोयनेकडं हलका धक्का बसल्याची बातमी आली. भूकंप काही शंकरप्पानं रचला नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं मान्य करायला हवं. आलेला वाया घालवला नाही, इतकंच.

"वैनी, माझी खाट हलली की वो," तो म्हणाला. "भिंत कवा अंगावर येईल नेम न्हाय. चूलबील घेऊन पुढं या. भिंत बांधून देतो, मग जावा माघारी."

"चूल कशाला? जेवायला येते की. तुझी बायकू हेमावती हाय की, तिच्या हातचं खाईन."

"तसं नको... तुमचं सोवळं-ओवळं..."

"माझं सोवळं तुला कवापासून आठवाय लागलं रं?"

तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं, की भेग पहारीनं पाडलेली आहे. भेगेत बोट घालून ती पहारीचा व्रण शोधायची. भिंतीला टेकवून तिनं कडक भाकरीची चळत रचून ठेवली. कुणी बाहेरून ठोकलं तर भाकरी मोडतील आणि चोर सापडेल. भाकरी मोडेनात, भेग मात्र रुंदावत चालली.

शंकरप्पानं मग शिवयोगी मास्तरांना आणलं. ते हायस्कुलात भूगोल शिकवायचे. शिकलेला माणूस नीट भीती घालेल, हा हिशेब. मास्तरांनी चळतीतली एक भाकरी उचलून मोडली आणि तुकडे ताटात परत जुळवून ठेवले.

"पृथ्वीचं कवच असं तुकड्यांचं आहे. खालचा तापलेला खडक अगदी सावकाश सरकतो, त्याच्याबरोबर हे तुकडेही. आपला तुकडा उत्तरेला रेटतोय, म्हणून हिमालय वर चढतोय."

"चढू दे की," गुरम्मा म्हणाली. "पण रेटतंय तितं आणि फाटतंय हितं? तेबी माझ्याच भिंतीला? शंकरप्पाची भिंत काय जावई हाय व्हय त्याचा?"

मास्तर हसले. "ही भेग भूकंपाची नसावी, बाई. आपल्या पायाखाली काळा दगड, त्यावर काळी माती. ती उन्हात आकसते, पाणी प्याली की फुगते. यंदा तहानलीय, म्हणून तुमचा कोपरा खाली बसला."

"मास्तर, भूकंपाचं सांगा की!" शंकरप्पा चिडला. "चहा कशासाठी पाजला तुमाला?"

मास्तर दिराबरोबर आलेले, म्हणून गुरम्मानं त्यांचा हिमालय सोडून दिला. तहान मात्र तिला पटली.

शंकरप्पाच्या मागावर नरसय्या विणायचा, सूतही तोच रंगवायचा. रंगाचं उरलेलं पाणी रोज बोळातल्या गटारात जायचं.

"नरसय्या, गटारात कशाला? माझ्या भिंतीच्या बुडाला ओत."

"मालक रागावतील, अक्का."

"मालकाचं गटारावर एवढं प्रेम हाय का? ओत. ही घे भाकरी, वर शेंगाचटणी हाय."

नरसय्या ओतू लागला, कधी लाल, कधी हिरवं. महिनाभरात भेग मिटत आली. बायका बघायला जमल्या.

"बघा," गुरम्मा म्हणाली, "पाणी पिऊन भूकंप झोपला!"

इथं थांबली असती तर गोष्ट तिच्या खात्यावर नफ्यात मिटली असती. पण संशय आलेलं माणूस पुरे म्हणत नाही. पाणी थांबलं की भेग उघडेल, भेग उघडली की दीर चूल मागायला येईल. तिनं नरसय्याला आणखी ओतायला लावलं. पाण्याला दीर-भावजयीची हद्द ठाऊक नव्हती. ते पायाकडेनं शेजारच्या, शंकरप्पाचे माग असलेल्या खोलीखाली गेलं, तिथली माती फुगली, आणि एका दुपारी शंकरप्पाची भिंत पोट काढून उभी राहिली. दगड मागावर ताणलेल्या उभ्या सुतावर पडले. माग बंद.

"भूकंप! ह्यो तरी भूकंपच!" म्हणत शंकरप्पानं मास्तरांना ओढून आणलं. मास्तरांनी पायाची माती उकरली. ती चिंब होती, लाल-हिरवी. रंग शंकरप्पानं ओळखला. घरचाच होता.

"कुणी वतायला लावलं?"

नरसय्यानं गुरम्माच्या दाराकडं पाहिलं. ती तव्यावर भाकरी शेकत होती. हो म्हणावं तर थोर पुन्हा बसणार, आणि घर पाडणाऱ्या बाईला ते खोलीत ठेवतील याचा भरवसा नाही. तिनं भाकरी उलटली. मान वर केली नाही.

"काय दिलं तिनं तुला?" शंकरप्पानं विचारलं.

"भाकरी, मालक."

"भाकरीसाठी कुणी भिंत पाडतंय व्हय? खरं बोल!"

खरं तो बोललाच होता. पण शंकरप्पाला ते पटलं नाही, आणि सगळा दोष नरसय्याच्याच माथी बसला.

तर जमाखर्च असा. गुरम्माची चूल जागची हलली नाही, खोली तिचीच राहिली. शंकरप्पाला भिंत नवी बांधायचीच होती, ती त्यानं दोन हात बोळात सरकवून बांधली. बोळानं काही तक्रार केली नाही. मास्तरांचा एक चहा बुडाला. ज्याची त्या घरात ना भिंत होती ना खोली, त्या नरसय्याचं काम गेलं, आणि पाऊस लागायच्या आत तो बायकापोरांना घेऊन भिवंडीच्या गाडीत बसला.