दोन तळहातांवरची नात

थोरल्या लेकीला सासरी पाठवलं त्याच वर्षी धाकट्या लेकाला मुलगी झाली. जन्मली ती रडेना. सुईण घाबरली. मी मेंढपाळ माणूस. कोकरू श्वास घेईना की मागचे पाय धरून उलटं झुलवायचं, एवढंच मला ठाऊक. नातीला आडोशाला नेऊन तसंच केलं. ती रडली. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी तिची मांडी सुजली.

"आपटलीस ना पोरीला?" बायको सुनेवर धावून गेली.

"नाही हो आत्याबाई! लंगोट बदलायला गेले तरी किंचाळते."

"हात आहेत का लाकडं?"

मी काठी उचलून मेंढरांकडे निघून गेलो. त्या दिवसापासून पोर आईकडे फक्त पाजण्यापुरती जायची.

आठवड्यानं दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी हाडांचा फोटो काढला. पोरीच्या डोळ्यांतला पांढरा भाग निळसर होता. मग त्यांनी वाकून माझे डोळे पाहिले. तेही तसेच.

"आजोबा, तुमची हाडं किती वेळा मोडली?"

"सात-आठदा. मी वेंधळा. गाव मला मोडक्याच म्हणतं."

"माझी चारदा," लेक म्हणाला. "मी बापावर गेलोय."

"खरंच गेलायत. तुमच्या घराण्यात हाडंच ठिसूळ आहेत. आईचा काही दोष नाही. पोरीला पाय धरून कधी उचलू नका."

तेव्हा मी खरं सांगितलं, जन्मताच पाय धरून तिला उलटं झुलवल्याचं.

"आठ दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली होतीत?" बायको ओरडली.

सून खाली मान घालून म्हणाली, "मामंजी, रडली तीही त्यामुळंच."

मग आम्ही शिकलो. एक तळहात डोक्यापाठीखाली, दुसरा कमरेखाली. लंगोट बदलताना पाय उचलायचे नाहीत. ओढून हात घालावे लागणार नाहीत, अशी बंदांची झबली सुनेनं शिवली. बायको भोपळ्यावर सराव करायची. म्हणायची, "मला माहेरीसुद्धा कुणी इतकं जपून उचललं नाही!" दर तीन महिन्यांनी हाडं बळकट व्हायचं औषध सलाइनमधून द्यायला नेत होतो. तरी शिंकेनं बरगडी मोडायची.

शेवटचे चार महिने आमच्या हातून एकही हाड मोडलं नाही. पण छाती वाढलीच नाही. साधा खोकला झाला आणि श्वास पुरेना.

"आमचं काय चुकलं?" सुनेनं विचारलं.

"काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चुकलं असतं तर सुधारता तरी आलं असतं.

नात दीड वर्षाची होऊन वारली. लोकर कातरायचे दिवस होते, मंगळवार, दुपारची वेळ. आईच्या हातांवर गेली.